पिशव्यांच्या पिशवीचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला पिशव्यांची पिशवी टांगलेली आहे. वर्षानुवर्षं साठत गेली. त्यातली एक रोज ओल्या कचऱ्याच्या डब्यात लावते, म्हणजे पुन्हा वापर होतो असं समाधान वाटतं. पण कचरा न्यायला येणाऱ्या ताई त्यावरून रागावतात. दुसरीकडे माझी मुलगी म्हणते, कापडी पिशवी हजारो वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी ठरते, असा परदेशात अभ्यास झाला आहे. मग करायचं काय? आणि बंदी असताना या पिशव्या घरात येतातच कशा?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं बरोबर आहे. ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी लावणं हा आपल्याकडे त्या पिशवीचा सगळ्यात वाईट उपयोग आहे. तुमचा हेतू चांगला आहे, त्या कामासाठी तुम्ही नवीन पिशवी आणत नाही, हे मला कळतं. पण खरकटं आत गेलं आणि वर गाठ बसली, की पिशवी वाया जाते आणि आतला कचराही वाया जातो.

मी सव्वीस वर्षं या कामात आहे. पहिली नऊ वर्षं पुण्यात सुक्या कचऱ्याच्या छाटणीच्या शेडवर होते, त्यानंतर पिशव्यांपासून प्लास्टिकचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल, बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात. त्यामुळे पिशवी तुमच्या घरातून निघाल्यावर तिचं काय होतं, ते मी दोन्ही टोकांनी पाहिलं आहे.

शेडवर गाठीला फार वाईट नाव होतं. आमच्याकडे एक मावशी होत्या, त्यांच्या हातातून रोज शेकडो गाठोडी जायची. त्या गाठ कधी सोडवत बसायच्या नाहीत. पिशवी तळव्यावर ठेवून आधी वजन घ्यायच्या. जड आणि लिबलिबीत लागली तर ओला कचरा, हलकी आणि टोचरी लागली तर सुका, आणि कुठे काही कडक लागलं तर काच असेल म्हणून जमिनीवर ठेवून पायानं सरकवायच्या. मग गाठीच्या खाली अंगठ्याचं नख घालून एका हिसक्यात फाडायच्या. एका पिशवीमागे दोन-तीन सेकंद. एकदा अशाच पिशवीत अर्धं ब्लेड निघालं, चहाच्या चोथ्यात रुतलेलं. अंगठ्याच्या पेरापासून तळव्यापर्यंत चीर गेली. मावशी तीन आठवडे कामावर आल्या नाहीत, आणि न आलेल्या दिवसाची रोजी कुणी देत नसतं.

त्या फाडलेल्या पिशवीचं पुढे काय? डाळीचं पाणी, भाजीची देठं, आंब्याची साल यांनी ती आतून माखलेली असते. हळद आणि तेल एकदा बसलं की नुसत्या पाण्यानं निघत नाही. ती धुवायला जेवढं पाणी आणि जेवढी मजुरी लागेल, तेवढे पैसे त्या पिशवीचे येत नाहीत. म्हणून ती बाजूला पडते आणि कचरा डेपोवर जाते. जी गाठोडी कुणी फोडलीच नाहीत, ती जशीच्या तशी जातात. डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या ढिगात वर्षांपूर्वीची गाठ मारलेली पिशवी उघडली, तर आतली भाजी ओळखू येते. हवा लागली असती तर त्याचं खत झालं असतं.

ओला कचरा बायोगॅसला गेला तरी पिशवी त्रास देतेच. तिथे कचरा आधी दळून त्याची रबडी करतात. पिशवीच्या पट्ट्या फिरत्या दांड्याला गुंडाळत जातात आणि त्यांना दोरखंडासारखा पीळ बसतो. यंत्र बंद करून, आत हात घालून, कोयत्यानं कापून तो काढावा लागतो. हे काम करणाऱ्या माणसाच्या अंगाचा वास दोन दिवस जात नाही.

गायींचंही इथेच सांगते. गाय कोरी पिशवी सहसा खात नाही, ती आतल्या पोळीच्या तुकड्यांसाठी, कोबीच्या पानांसाठी तोंड घालते. गायीला पुढचे वरचे दात नसतात. ती जिभेनं ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर करते. गाठ सोडवून आतलं तेवढं खाणं तिला जमत नाही. पिशवी कोठीपोटात जाऊन बसते, तिथे विरघळत नाही, आणि एकात एक गुंतून गोळा होतो. पोट फाडून असे वीस-तीस किलोंचे गोळे काढलेले जनावरांचे डॉक्टर आहेत. पोट भरल्यासारखं दिसतं आणि जनावर उपाशी असतं. म्हणून उरलेलं अन्न पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवणाऱ्या माणसाला मी हात जोडून सांगते, की द्यायचंच असेल तर मोकळं ठेवा.

आता मुलीचा मुद्दा. तिनं वाचलेले आकडे खरे आहेत, पण त्यामागची गृहीतकं आपल्या घराची नाहीत. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साध्या सुती पिशवीला ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,००० वेळा वापरावं लागेल, असं आलं. हे आकडे अनेक निकषांपैकी सगळ्यात वाईट ठरलेल्या एका निकषावर, ओझोनच्या थरावर होणाऱ्या परिणामावर बेतलेले आहेत. त्याच अभ्यासात फक्त हवामानबदलाचा निकष लावला, तर साध्या सुती पिशवीचा आकडा ५२ आणि सेंद्रियचा १४९ येतो. आठवड्याच्या बाजाराला तीच पिशवी नेली, तर ५२ म्हणजे एक वर्ष. आपल्याकडे सुती पिशवी सहज चार-पाच वर्षं चालते.

इंग्लंडमध्येही २०११ मध्ये असाच हिशेब झाला. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यांनी काढलं. पण सगळ्या पातळ पिशव्या नंतर कचऱ्याच्या डब्यात लावल्या असं धरलं, की तोच आकडा ३२७ होतो. हा फरक नीट पाहा. डब्यात पिशवी लावण्याला तिकडे गुण मिळतात, कारण ती लावली नसती तर माणसानं त्यासाठी वेगळी पिशवी विकत घेतली असती. डेन्मार्कच्या हिशेबातही प्लास्टिकची पिशवी शेवटी डब्यात लावली जाते आणि कचऱ्यासकट बंद भट्टीत जळते. त्या भट्ट्यांवर तिकडे वीज होते, घरं तापवली जातात. शिवाय उडून रस्त्यावर, ओढ्यात, समुद्रात गेलेल्या पिशव्या त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे ते प्रमाण फार कमी आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशी भट्टी नाही आणि उडणाऱ्या पिशव्या भरपूर आहेत. इथे ओल्या कचऱ्याला पिशवीची गरजच नाही. तेव्हा तिकडे ज्या सवयीला गुण, तीच सवय इथे नुकसानीची.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. हे सगळे हिशेब नव्या कापडाचे आहेत. कापसाला पाणी, खत, फवारणी लागली, त्याचं ओझं त्या पिशवीवर टाकलेलं आहे. तुमच्या आईची जुनी सुती साडी किंवा फाटलेली चादर कापून शिवलेल्या पिशवीवर ते ओझं जवळजवळ नाहीच, कारण ते साडीनं आधीच फेडलेलं आहे. एका नऊवारीत मध्यम आकाराच्या डझनभर पिशव्या बसतात. कोपऱ्यावरचा शिंपी उरलेल्या वेळात शिवून देतो. फक्त त्याला सांगा, पिशवीचे बंद, म्हणजे धरायच्या पट्ट्या, तळापर्यंत आणून खालून फिरवून घे. नुसत्या तोंडाशी शिवलेले बंद बटाट्यांच्या वजनानं उसवतात. याउलट संमेलनात, लग्नात, बँकेत फुकट मिळालेल्या कोऱ्या कापडी पिशव्यांची चळत कपाटात पडून असेल, तर तिथे मुलीचं म्हणणं खरं ठरतं. न वापरलेली कापडी पिशवी पर्यावरणाला महागच पडते.

आता तुमच्या खिळ्यावरच्या पिशव्यांकडे येते, कारण त्या आता आहेतच.

त्या सगळ्या दिसायला सारख्या असल्या तरी आमच्या धंद्यात त्या निरनिराळ्या आहेत. हातात चुरगाळल्यावर खुळखुळ वाजणारी, कडक, पातळ पिशवी ती एचएम. मऊ, ताणली की थोडी लांबणारी, आवाज न करणारी ती एलडी. दुधाची पिशवी एलडीच्या जातीची. शर्टाच्या किंवा साडीच्या पाकिटाची काचेसारखी पारदर्शक, कडकड वाजणारी आणि एकदा कापली गेली की सरळ रेषेत फाटत जाणारी ती पीपी. तिन्ही पाण्यावर तरंगतात, पण एलडी साधारण ११० अंशांना वितळते, एचएम १३० च्या आसपास आणि पीपी १६० ला. म्हणून एकाच यंत्रात तिघींची भेळ चालत नाही. एक वितळून पाणी झालेली असते तेव्हा दुसरी अजून गाठीच्या रूपात असते.

मग जाडी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीवाल्याकडची वीतभर पिशवी, समजा २० बाय ३० सेंटिमीटरची आणि १० मायक्रॉनची धरली, तर तिचं वजन जेमतेम एक ग्रॅमच्या वर भरतं. एक किलो व्हायला साडेआठशेहून जास्त पिशव्या वेचाव्या लागतील. तेच ४० बाय ५० सेंटिमीटरची ५० मायक्रॉनची पिशवी १९ ग्रॅमची असते. बावन्न-त्रेपन्न गोळा केल्या की किलो झाला. वेचणारी बाई दिवसभर वाकून काम करते. ती साडेआठशे वेळा वाकेल की बावन्न वेळा? पातळ पिशव्यांचा सडा रस्त्यावर, नाल्यात तसाच का राहतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. कोथिंबिरीची जुडी घालून मिळालेली ती इवलीशी पिशवी एकदा घराबाहेर पडली, की तिला जगात कुणी वाली नाही.

कारखान्यात आलेल्या पिशव्यांचं आम्ही काय करायचो, ते सांगते, म्हणजे धुऊन-वाळवून द्या असं आम्ही का म्हणतो ते कळेल. आधी रंगावर छाटणी. पारदर्शक वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या, रंगीत वेगळ्या. पारदर्शकला सगळ्यात चांगला भाव, कारण तिला हवा तो रंग देता येतो. रंगीतांचा भेसळ माल शेवटी काळाच करावा लागतो, त्याचे बागेला पाणी घालायचे पाइप, ताडपत्र्या असलं काही होतं. मग हौदात धुणं, वाळवणं, आणि अ‍ॅग्लो नावाच्या मोठ्या मिक्सरमध्ये घालून आकसवणं. पात्याच्या घर्षणानंच ती फिल्म तापते, आकसते आणि पोह्यांसारखा चुरा होतो. तो चुरा तापलेल्या नळीतून पुढे ढकलला जातो, जाळीतून गाळला जातो आणि शेवयांसारख्या दोऱ्या होऊन पाण्याच्या टबातून पुढे जातो. टोकाला कटर त्याचे दाणे पाडतो. तो दाणा.

या सगळ्यात दोन गोष्टी जीव काढतात. एक ओल. पिशवीच्या घडीत थेंबभर पाणी राहिलं, तर नळीत त्याची वाफ होते, दोरीत बुडबुडे येतात आणि ती टबात तुटते. दोरी तुटली की माणसानं हातानं ती पुन्हा ओढून कटरला लावायची. आणि दुसरी जाळी तुंबणं. कागदी लेबल, चिकटपट्टी, स्टेपलची पिन, वाळूचा कण असं सगळं जाळीवर अडतं. माल बरा असला तर जाळी पाळीत एक-दोनदा बदलायची, घाण माल असला तर दर वीस मिनिटांनी. पावसाळ्यात आम्ही पिशव्या घेणंच निम्म्यावर आणायचो, कारण वाळवायला जागा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भंगारवाला पिशव्या नको म्हणतो, त्यामागे हे कारण असतं.

दुधाच्या पिशवीचं मात्र सगळीकडे बरं चाललेलं असतं, आणि ती सवय आपल्या बायकांनीच लावली आहे. पिशवी उभी चिरून, धुऊन, ओट्यामागच्या फरशीला ओली असतानाच चिकटवायची. संध्याकाळपर्यंत वाळून तिची ती गळून पडते. महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला पैसे घेऊन द्यायची. कुठल्याही सरकारी मोहिमेशिवाय हे घरोघरी चालू आहे. एकच विनंती, कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, किंचित जोडलेला ठेवा. नखाएवढे ते त्रिकोणी तुकडे कुणाच्याच हाताला लागत नाहीत आणि मोरीच्या जाळीतून थेट गटारात जातात.

तुमच्या साठ्यात कापडासारखी दिसणारी, मऊसर, रंगीत पिशवीही असेल, साडीच्या दुकानात मिळते तशी. पुष्कळ जण ती कापडी समजून कौतुकानं वापरतात. ती उजेडाकडे धरून पाहा. आडवे-उभे धागे दिसणार नाहीत, दाबून बसवलेला तंतूंचा थर दिसेल आणि त्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी. ते पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे मघाचं पीपी आहे, प्लास्टिकच. जाड असेल तर खुशाल वापरा, पण उन्हात टांगू नका. गॅलरीत एक उन्हाळा राहिली तर हात लावल्यावर तिचा भुगा होतो आणि तो भुगा कुणालाच गोळा करता येत नाही.

त्याहून फसवी आहे ती 'कंपोस्टेबल', म्हणजे खत होऊन जाते, असं लिहिलेली पिशवी. ती हाताला रेशमासारखी मऊ लागते. तिची चाचणी ५८ अंशांच्या आसपासच्या नियंत्रित खतात होते. घरच्या कुंडीत तेवढी धग महिनोन्महिने टिकत नाही, त्यामुळे गॅलरीतल्या खतात ती बराच काळ तशीच राहते. आणि साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर दाण्याचा घात करते. आमच्याकडे एकदा एका समारंभातून आलेला स्वच्छ, पांढऱ्या पिशव्यांचा लॉट होता. दिसायला सुंदर. निम्म्या दिवसात दोऱ्या सारख्या तुटायला लागल्या, दाणा पिवळा आणि ठिसूळ निघाला. सगळा माल परत आला. त्यात थोड्या पिशव्या कंपोस्टेबल होत्या आणि डोळ्यांनी कुणालाही ओळखता आल्या नसत्या. अशी पिशवी घरात आली, तर सुक्या प्लास्टिकमध्ये टाकू नका. छपाई वाचून ती वेगळी ठेवा आणि ओला कचरा नेणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे मोठं खत केंद्र असेल तर ते घेतात.

बंदीविषयी थोडक्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली. मग २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं जाडी न बघता हँडलच्या आणि बिनहँडलच्या पिशव्या बंद झाल्या, आणि २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. देशपातळीवर किमान जाडी आधी ५० मायक्रॉन होती, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. कागदावर हे चांगलं आहे. जाडी वाढवण्यामागचा विचार मला मनापासून पटतो, कारण जाड पिशवीला वजन आहे, म्हणून तिला वेचणारा आहे, आणि महाग आहे म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही.

तरी पातळ पिशव्या घरात येतात, कारण हातगाडीवाल्यापुढे गिऱ्हाईक हात हलवत येतं. पावशेर मिरच्या पदरात घेणारी पिढी गेली. तो पिशवी नाही म्हणाला तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. पाच हजारांच्या दंडाची भीती त्याला आहे, पण आजचा धंदा बुडण्याची भीती जास्त आहे. माझा अनुभव असा, की एका गल्लीतल्या वीस-पंचवीस बायका सलग दोन महिने पिशवी घेऊन गेल्या, तर भाजीवाला स्वतःहून पिशव्या आणणं कमी करतो, कारण त्याचाही तेवढा खर्च वाचतो. मासळी आणि मटणासाठी झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कोळणी नाही म्हणत नाहीत. पूर्वी सगळे तसंच नेत होते.

आता घरात काय वापरायचं. जाड, धड पिशव्या पुन्हा बाजारालाच न्या, हाच त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग आहे. झबला पिशवी, म्हणजे बंडीसारखे दोन बंद असलेली, एका अखंड नळीतून बनते. नळी तळाशी आणि वर तापवून चिकटवायची आणि वरचा मधला भाग छापानं कापून काढायचा, की बंद तयार. स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या या रचनेला १९६५ मध्ये पेटंट मिळालं. त्यामुळे ती फाटते तीही ठरलेल्या दोन ठिकाणी, बंदाच्या मुळाशी आणि तळाच्या चिकटवलेल्या रेघेवर. ही दोन्ही ठिकाणं बोटांनी ताणून बघा. पांढरट रेघ उमटली असेल तर ती पिशवी आता दोन नारळ पेलणार नाही, तिला कांदे-बटाट्यांतून सुटका द्या आणि कपड्यांसाठी ठेवा. धुताना उलटी करा, साबणाचं पाणी पुरे. वाळत घालताना सावलीत, उभ्या लाटण्यावर किंवा बाटलीवर चढवून ठेवा, म्हणजे आतली घडी सुटते. उन्हानं ती ठिसूळ होते.

प्रवासात चपला गुंडाळायला, पावसात दप्तरातली वही वाचवायला, ओले कपडे आणायला या पिशव्यांसारखं दुसरं काही नाही, आणि तिथे त्या कोरड्या किंवा सहज वाळवता येतील अशाच राहतात. मात्र रंगीत किंवा काळपट पिशवीत खाण्याचं उघडं काही ठेवू नका, गरम तर मुळीच नाही. ती बहुधा आमच्यासारख्यांनीच बनवलेल्या दाण्याची असते, आणि त्या दाण्यात आधी काय काय होऊन गेलं हे आम्हालाही सांगता येत नाही. पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ द्यायला १९९९ च्या पहिल्या नियमांपासून मनाई होती, ती याचसाठी. गरम भजी, आमटी, चहा असल्या पिशवीतून आणणाऱ्यांना मी दरवेळी टोकते.

आणि बंब. गावाकडे अजून बंब पेटवताना दोन पिशव्या खाली सरकवतात, चटकन पेट घेतात म्हणून. हे करू नका. ठिबकणारं जळतं प्लास्टिक कातडीला चिकटलं तर भाजलेली जखम खोल जाते, आणि बिनभट्टीच्या जाळात निघणारा काळा धूर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या छातीत जातो. पिशव्यांच्या ढिगात पीव्हीसी या प्लास्टिकचा एखादा तुकडा असेल, तर त्या धुरात आम्ल आणि त्याहून वाईट विषारी द्रव्यंही येतात.

मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात काय लावायचं? काहीच नाही, किंवा तळाला वर्तमानपत्राचं एक पान. ताटातलं पाणी आधी निथळू द्या, चहाचा चोथा गाळणीतच थोडा वेळ राहू द्या. वास ओलीमुळे येतो, पिशवी नसल्यामुळे येत नाही. डबा रिकामा करून एक तांब्या पाण्यानं विसळला की झालं. एक अपवाद मी मान्य करते. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे असतात. कागद भिजून सुटेल अशी शंका असेल, तर फाटकी, कुणी घेणार नाही अशी पिशवी त्याला वापरली तरी माझी तक्रार नाही. वेचणाऱ्या बाईचा हात त्यानं वाचतो, आणि ती पिशवी तशीही दाण्यापर्यंत पोचणार नव्हती.

येत्या रविवारी तो खिळा मोकळा करा. जमिनीवर जुना कागद पसरून सगळ्या पिशव्या ओता. धड आणि जाड त्यांतल्या दहा-बारा निवडा, समोशासारखी त्रिकोणी घडी घालून दोन पर्समध्ये, दोन गाडीच्या डिकीत, बाकी दाराजवळ ठेवा. फाटक्या पण स्वच्छ अशा सगळ्या, पातळसुद्धा, एका मोठ्या पारदर्शक पिशवीत उशीसारख्या दाबून भरा. इवल्याशा पिशव्या सुट्या दिल्या तर कुणी घेत नाही, पण अशा उशीत दोन-तीनशे गेल्या की त्यांनाही वजन येतं. चिकट, तेलकट असतील त्यांतल्या धुता येतील तेवढ्या धुवा, बाकीच्या सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या, उशीत घालू नका. एक तेलकट पिशवी सगळी उशी खराब करते.

उशीच्या तोंडाला गाठ मारू नका, सुतळीचा एक सैल फास द्या. आणि ती गेटवर ठेवून येऊ नका, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात द्या. सांगा, यात नुसत्या धुतलेल्या पिशव्या आहेत. पहिल्या वेळी त्या विश्वास ठेवणार नाहीत. उशी दोन्ही हातांनी दाबून कानाशी नेतील. आत ओल असेल तर आवाज दबका येतो, कोरडी असेल तर वाळलेल्या पानांसारखी सळसळते. सळसळली, की त्या ती गाडीच्या बाजूच्या आकड्याला लावतील, जिथे त्या स्वतःच्या विक्रीचा माल लावतात.